विमान उतरले की उतरवले?

रविवारी सकाळी मैदानावर विमान उतरले, ही घटना साधी आहे. ते कोणी उतरवले, हा प्रश्न मात्र मंडळाच्या घटनेत बसत नव्हता, आणि दातांच्या डॉक्टरांनी नेमका तोच उकरून काढला.

मंडळ होते रिमोटवर उडणाऱ्या लढाऊ विमानांचे. मूळ विमाने कधीकाळी महायुद्धात लढली. त्यांच्या या हातभर प्रतिकृती सभासदांच्या घरातल्या जागेसाठी लढत. डॉक्टरांनी आपले विमान वर्षभर खपून बांधले होते. पंखांवरच्या गोळ्यांच्या खुणाही दात कोरायच्या यंत्राने कोरल्या होत्या. त्यांची एकच इच्छा होती: बायकोसमोर ते एकदा स्वतःच्या हाताने जमिनीवर आणावे. बायको दर रविवारी यायची, घडीच्या खुर्चीत बसायची आणि विमान अलगद टेकले की विचारायची, "अहो, पण यात तुम्ही काय केलंत?"

प्रश्न झोंबायचा, कारण तो बरोबर होता. विमानात जायरो, म्हणजे आपोआप तोल राखणारा यंत्रमेंदू, होता. वाऱ्याने विमान कलंडले तर सावरायचे, एवढ्यापुरता मंडळाने तो आणला. मग सक्तीचा केला. पुढे नव्या जायरोला चढणे-उतरणेही येऊ लागले, तेव्हा असे आढळले, की सभासदाने रिमोटची काडी हलवली की विमान उगाच डगमगते. चिटणिसांनी परिपत्रक काढले: 'यापुढे सभासद हा उड्डाणातील बाह्य अडथळा समजण्यात येईल. अडथळ्यांनी मैदानावर गणवेशात यावे.'

डॉक्टर गणवेशात आले आणि विमान हवेत असताना त्यांनी जायरो बंद केला. विमान झोकांड्या खात खाली आले, टेकले, उसळले, पुन्हा टेकले आणि नाक जमिनीत खुपसून शेपटी वर करून उभे राहिले. पुढचा पंखा मोडला. डॉक्टरांना आनंदाने रडू यायचेच बाकी होते.

"अगं बाई, मोडलं की!" बायको धावत आली. "दर वेळी किती छान उतरतं. आजच काय झालं?"

"आज मी उतरवलं."

"मग कशाला उतरवलंत?"

संध्याकाळी चौकशी समिती बसली. समितीत चिटणीस एकटेच होते, त्यामुळे एकमत लवकर झाले.

"डॉक्टर, नोंदीत 'विमान उतरले' असं लिहा. 'उतरवले' म्हटलं की कर्ता लागतो."

"कर्ता मी आहे की."

"तिथंच तर घोळ आहे. आपल्याकडे कोणी काही करत नाही, म्हणून आजवर एक अपघात नाही."

"बरं. मग 'पंखा मोडला' असंच लिहू ना?"

"छे! 'मोडला' कसं? तो तुम्ही मोडलात. तिथं कर्ता हवाच."

शिक्षा सौम्य होती. डॉक्टरांच्या रिमोटमधले सेल काढून घेण्यात आले. प्रतिष्ठेला धक्का नको म्हणून रिमोट हातात ठेवायची मुभा मिळाली. पुढच्या रविवारी नवा पंखा बसवलेले विमान चिटणिसांनी बटण दाबून सोडले. डॉक्टर सवयीने काड्या हलवत राहिले, डावीकडे, उजवीकडे, अगदी घाम फुटेपर्यंत. विमान इतके अलगद टेकले, की गवतालाही कळले नसेल. टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरांना 'सर्वोत्कृष्ट अवतरणा'चे पदक मिळाले आणि बाकीचे सभासद आपापले सेल काढून द्यायला रांगेत उभे राहिले.

बायकोचे डोळे भरून आले होते. "आज मी नीट बघत होते हं. हात काय चालत होते तुमचे! आज मात्र तुम्हीच उतरवलंत."

डॉक्टरांनी तोंड उघडले. इतरांना तोंड उघडायला लावण्यात त्यांचा जन्म गेला होता. स्वतःचे मात्र लगेच मिटले.

"हो," ते शेवटी म्हणाले. "मीच उतरवलं." इतके वाईट त्यांना पंखा मोडल्यावरही वाटले नव्हते.

फोटो लगेच ग्रुपवर पडला. त्यात डॉक्टर, पदक आणि मागचे झाकण उघडे पडलेला रिकामा रिमोट, सगळे स्वच्छ दिसते. तासाभरात खाली अंगठ्यांची रीघ लागली. पूर्वी ज्याला वाचता येत नसे त्याला अंगठेबहाद्दर म्हणत. आता ज्याला बघायलाही सवड नसते त्याला म्हणावे लागेल. जरा वर सरकवून बघा. त्यात तुमचाही अंगठा आहे, आणि पुढे 'डॉक्टर, तुम्हीच हे करू जाणे' असेही लिहिले आहे.