मास्तरांकडची मूळ आवृत्ती

"नवीन अल्बम ऐकला. एक सोडून सगळी गाणी रडकी. त्या गायकाला कुणीतरी पोटभर जेवायला वाढा," असं नर्सबाईंनी चाहत्यांच्या ग्रुपवर लिहिलं आणि भांडणाला तोंड फुटलं.

"संथ गाणी मुरावी लागतात, बाई," कॉलेजात शिकवणाऱ्या सरांनी उत्तर दिलं. "तुम्हाला सगळं इंजेक्शनसारखं झटपट हवं."

"सर, तुमच्या वर्गात पोरं का झोपतात, ते आज कळलं."

टेलरमास्तर मशीन थांबवून हे वाचत होते. ग्रुप खरं तर बायकोचा. ती गेल्यावर तिचा मोबाइल त्यांच्याकडे आला आणि मोबाइलबरोबर ही माणसंही. तेव्हा सगळ्यांनी फुलांची चित्रं पाठवली होती. त्यानंतर मास्तरांशी कुणी बोललं नव्हतं. घरात तर बोलायला कुणी उरलंच नव्हतं. गिऱ्हाइकं बोलायची, पण मापापुरती.

मास्तरांनी एका बोटानं लिहिलं, "मला अल्बम आवडला. एका गाण्यात पँट शिवून होते. पाचवी अंगाई तर फारच छान."

"अंगाई? अहो मास्तर, तेच तर एक नाचाचं गाणं आहे!"

"यावर नाचायचं म्हणजे एक पाय उचलायचा आणि दुसऱ्याची वाट बघायची," मास्तरांनी लिहिलं.

सगळा ग्रुप हसला. मास्तरांना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. त्या भरात त्यांनी लिहून टाकलं, की एवढा दीड तासाचा अल्बम, पण कंटाळा म्हणून येत नाही.

"दीड तास? माझ्याकडे तर पाऊण तासात संपतो," सर म्हणाले. "पहिल्या गाण्यात 'ये ना' म्हटल्यावर गायक किती थांबतो?"

"माझा सुईत दोरा ओवून होतो तोवर."

"म्हणजे तुमच्याकडे मूळ आवृत्ती आहे! कंपनीनं कात्री लावून आपल्या गळ्यात भलतंच मारलंय!"

झालं. संथ गाणीवाल्यांना जोर चढला. कंपनीला जाब विचारायची भाषा सुरू झाली. नर्सबाईंनी मात्र ठणकावलं, "कानांनी ऐकल्याशिवाय मी मानणार नाही. रविवारी सगळे मास्तरांकडे जाऊ. चालेल ना हो?"

"या," मास्तरांनी लगेच लिहिलं.

त्यांनी चिंध्या खाटेखाली सारल्या, शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या. रविवारी सकाळी लेकीचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "दीड तास कसा असेल, बाबा? लावा बघू."

मास्तरांनी गाणं लावलं. लेक ठसका लागेपर्यंत हसली.

"अहो बाबा, वेग अर्धा केलेला आहे! आई शब्द पाठ करताना करायची तसा. वर कोपऱ्यात बघा, बोट लावलं की सुधारेल. आणि त्या लोकांना कळवा, उगीच हेलपाटा होईल त्यांना."

"कळवतो," मास्तर म्हणाले.

त्यांनी ग्रुपवर 'अहो' एवढं लिहिलं आणि मान वर केली. खोलीभर खुर्च्या मांडलेल्या होत्या. वेग सुधारला, तर माणसं पाऊण तासात उठतील. कळवलं, तर येणारच नाहीत. त्यांनी 'अहो' पुसलं आणि ते दूध आणायला गेले.

संध्याकाळी सगळे आले. पहिल्याच गाण्याला सरांनी डोळे मिटले. "वा! बघा, श्वास घेऊ देतोय गाण्याला!"

नर्सबाई मोबाइलजवळ बसल्या होत्या. दुसऱ्या गाण्याला आवाज वाढवायला त्या वाकल्या आणि त्यांची नजर वरच्या कोपऱ्यावर गेली. मास्तरांनी घाईघाईनं चहाचा कप त्यांच्यापुढे धरला. बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मग तीन घरांतून आलेल्या, तीन उंचीच्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"काय बाई, पटलं का?" सरांनी डोळे न उघडता विचारलं.

"पटलं, सर," बाई सरळ बसत म्हणाल्या. "मूळच दिसतेय आवृत्ती."

नाचाच्या गाण्याला कुणीतरी एक पाय उचलून दाखवला आणि सगळे इतके हसले, की ते गाणं परत लावावं लागलं. पुढे सर प्रत्येक थांब्याचा अर्थ सांगत राहिले, बाकीचे त्यांना टोमणे मारत राहिले. बाहेर अंधारून आलं, तरी कुणी चप्पल शोधेना.

शेवटचं गाणं संपत आलं, तशी नर्सबाईंनी आपली खुर्ची मास्तरांजवळ सरकवली आणि त्यांना एकट्यालाच ऐकू जाईल असं विचारलं, "मास्तर, याहून हळू नाही का हो करता येत?"