तिसऱ्या मजल्यावरची गुरं

मात्सेलेंग येथील गुरे-वाहतूक परवाना उपकार्यालयात एक कारकून, एक संगणक आणि एक प्रिंटर अशी तीन पदे मंजूर होती आणि तिन्ही भरलेली होती.

कारकून म्हणजे म्मा पेलोंत्ले; तिकडे बाईमाणसाला मानाने म्मा म्हणतात आणि पुरुषाला रा. प्रिंटर तिच्या उजव्या कोपरापासून दीड वितीवर. संगणकात मात्र काहीच नव्हतं. आधुनिकीकरणाच्या धोरणानुसार सगळं काम सहाशे किलोमीटरवरच्या राजधानीत, मुख्यालयाच्या सर्व्हरवर हलवलेलं होतं. म्माच्या पडद्यावर दिसायचं ते तिकडच्या यंत्राचं चित्र. ती इथे बटण दाबायची, काम तिकडे व्हायचं. यामुळे कामकाज जनतेच्या जवळ आलं, असं परिपत्रकात नमूद होतं.

गुरुवारी सकाळी रा दिताऊ आले. अंगात कोट. बाहेर कोंबड्याही सावली सोडत नव्हत्या, पण लग्नाच्या कामाला मामाने कोटाशिवाय जायचं नसतं, आणि हा अर्जही रा दिताऊ लग्नाच्याच कामात धरत होते. चौकशा झाल्या. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, तिकडे पाऊस पडला का. मग मुद्दा निघाला.

"भाच्याच्या लग्नात मुलीकडच्यांना द्यायची आठ गुरं न्यायचीत, म्मा. शनिवारी सूर्य उगवायच्या आत मुलीच्या दारात उभी पाहिजेत. तारीख दोनदा हुकली. आता तिच्या आत्या म्हणतात, तिसऱ्यांदा हुकली तर मुलगी आमच्याकडेच राहील आणि तुम्ही बसा कुंपणापलीकडे."

कुंपण म्हणजे गुरांची लाळ्या-खुरकुताची साथ अडवायला घातलेलं सरकारी कुंपण. शिक्क्याच्या परवान्याशिवाय त्याचं फाटक उघडत नसे.

"आठ गुरं म्हणजे एक कागद, रा. बसा," म्हणत म्माने 'छापा' दाबलं.

प्रिंटर गप्प. तिने पुन्हा दाबलं. मग जरा जोरात. मग प्रिंटरच्या डोक्यावर एक चापट मारून पुन्हा. अकरा वेळा झाल्यावर तिने मुख्यालयाच्या मदत कक्षाला फोन लावला.

मदत कक्षाचा फोन तीन मिनिटांनी आपोआप तुटायचा. नियमच तसा होता. पण भल्या माणसाशी बोलताना आधी त्याची रात्र, त्याची आई आणि त्याच्या गावचा पाऊस विचारल्याशिवाय तोंड कसं उघडायचं? पहिल्या फोनमध्ये ओतेंग नावाच्या तंत्रज्ञाच्या आईचे गुडघे आले. दुसऱ्यात पाऊस संपला. तिसऱ्यात प्रिंटरचा 'प्रि' निघाला.

"म्मा, तुमचे कागद छापले गेलेत," चौथ्या फोनवर ओतेंग म्हणाला. "इथे, तिसऱ्या मजल्यावर. सर्व्हर इथे आहे ना? त्याला जवळचा प्रिंटर तो हाच."

"अरे, मला जवळचा माझ्या कोपराशी आहे!"

"तो सर्व्हरला माहीत नाही. स्थानिक प्रिंटर ओळख अर्ज भरा, नमुना नऊ-क. छापा, सही करा आणि पाठवा."

म्माने अर्ज भरला आणि छापा म्हटलं.

"आला का रे?"

"आला की! सुरेख आलाय. आता फक्त सही राहिली."

"कागद तुझ्याकडे, हात माझ्याकडे. कशी करू सही, शेपटीने?"

"हे बघा म्मा, मला अर्जाशिवाय..." आणि तीन मिनिटं झाली.

दुपारी ओतेंगने स्वतःहून फोन केला. आवाज पडलेला होता. प्रणालीच्या नियमानुसार परवाना जिथे छापला जातो, तिथेच गुरं उभी आहेत असं गृहीत धरलं जातं. सबब रा दिताऊंची गुरं मुख्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर पोचली होती. आणि म्माने अकरा वेळा बटण दाबल्यामुळे ती आठ नसून अठ्ठ्याऐंशी होती.

"माझ्याकडे सगळी मिळून चौतीस आहेत," रा दिताऊ म्हणाले.

म्माने पडद्यावर पाहिलं. "आता उणे चौपन्न आहेत, रा."

रा दिताऊंनी कोटाचं वरचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं.

"मग नवा परवाना काढा."

"नसलेल्या गुरांना परवाना देता येत नाही. आधी तिसऱ्या मजल्यावरची परत आणायला हवीत. त्यासाठी त्यांच्यासह तिथे समक्ष हजर राहावं लागेल."

"पण ती माझ्या गोठणात रवंथ करतायत!"

"त्याची नोंद नाही," म्मा म्हणाली. बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

शुक्रवारी संध्याकाळी चारला सरकारी गाडी दारात थांबली आणि ओतेंग उतरला. मुख्यालयातल्या पशुगणना अधिकाऱ्यांनी तिसऱ्या मजल्यावर जाऊन हजेरी घेतली होती. एकही गूर न सापडल्याने अठ्ठ्याऐंशी गुरं बेपत्ता असल्याची नोंद झाली आणि तपासासाठी ओतेंगला धाडण्यात आलं. त्याने आधी सगळ्यांची रात्र विचारली. मग सर्व्हरकडे ढुंकूनही न पाहता तो प्रिंटरपाशी वाकला आणि मागचं एक बारीक बटण दाबून धरलं.

प्रिंटर खाकरला. कागद बाहेर आला. त्यावर चार रंगीत पट्ट्या होत्या आणि खाली एक ओळ होती: 'हे पान आपणांस दिसत असल्यास आपला प्रिंटर सुस्थितीत आहे.'

"हे चाचणी पान. हे प्रिंटरच्या स्वतःच्या पोटातून येतं," ओतेंग म्हणाला. "परवाना मात्र गुरं सापडल्यावरच."

कार्यालय बंद व्हायला पंचवीस मिनिटं होती. रा दिताऊ दोन दिवस त्याच खुर्चीत, त्याच कोटात बसून होते. त्यांनी पुढे होऊन पान उचललं आणि म्मापुढे ठेवलं.

"शिक्का मारा."

"रा, यात तुमचं नावसुद्धा नाही."

"तिकडच्या परवान्यात अठ्ठ्याऐंशी गुरं आहेत. यात एकही नाही. दोन्हींत कमी खोटं कोणतं, ते तुम्हीच सांगा."

म्माने ओतेंगकडे पाहिलं. ओतेंगच्या हातातल्या अहवालात एकच प्रश्न होता, 'कागद बाहेर आला का, होय/नाही.' त्याने 'होय'वर खूण केली आणि तो खिडकीबाहेरची गाडी न्याहाळू लागला. म्माला आत्या आठवल्या, पोरगी आठवली आणि या म्हाताऱ्याचा घामाने भिजलेला कोट दिसत होता. तिने शिक्का शाईत दाबला आणि धाडकन मारला. तारखेसह, सरळ, अगदी मधोमध.

शनिवारी पहाटे फाटकावरच्या रक्षकाने पान कंदिलाजवळ धरलं. शिक्का पाहिला. त्यावरून अंगठा फिरवला. शाई खरी होती. फाटक उघडलं. सूर्य उगवला तेव्हा आठ गुरं मुलीच्या दारात उभी होती आणि आत्यांना नाइलाजाने ओरडून आनंद व्यक्त करावा लागला. मग त्यांनीही तो कागद हातोहात फिरवला, शिक्का तपासला आणि लग्नाच्या कागदांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला.

सोमवारी उपकार्यालयापुढे रांग लागली. सगळ्यांना 'तो पट्ट्यांचा परवाना' हवा होता; त्याने फाटक पटकन उघडतं म्हणे. म्मा बारीक बटण दाबायची, शिक्का मारायची, घरच्यांची खुशाली विचारायची. महिनाअखेर एकही तक्रार नसल्याबद्दल मुख्यालयाकडून प्रशस्तिपत्र आलं. ती ते न वाचताच खिळ्याला लावणार होती. मग थांबून तिने ते उलटंपालटं करून पाहिलं. वरून खालपर्यंत चार रंगीत पट्ट्या होत्या आणि कोपऱ्यात संचालकांचा शिक्का.

आपण हसलात, बरं झालं. आता उठा आणि ज्या कागदांवर आपलं घर, आपलं लग्न, आपला जन्म उभा आहे, ती फाईल कपाटातून काढा. शिक्का कुठे आहे, ते आपल्याला डोळे मिटूनही सांगता येईल. त्याच्या वर काय लिहिलंय, तेवढं एकदा वाचून घ्या.