ठोंबऱ्यांचा आटलेला झरा

आमच्या हिवतापाच्या ऑफिसात सदाशिव ठोंबऱ्यांच्या नावावर एक विक्रम आहे. स्वतःच्या घराच्या भिंतीवर ते सलग नऊ वर्षे गेरूने ‘घर बंद’ असे लिहीत होते.

ठोंबरे फवारणी कामगार. घरोघर औषध मारायचे, कुणाला ताप आहे का विचारायचे आणि जाताना भिंतीवर तारीख टाकायची, हे त्यांचे काम. भिसेगावात ते एकटेच राहत. फेरी त्यांच्या दारापाशी आली की ते कडी वाजवत, जरा थांबत आणि कुणी उघडत नाही असे बघून ‘घर बंद’ लिहून पुढे जात.

मी त्याच ऑफिसात कारकून. एकदा न राहवून म्हणालो, “अहो ठोंबरे, किल्ली तुमच्याच खिशात आहे ना?”

“किल्ली हाय, भाऊसाहेब. पण कुटुंबप्रमुख कामावर गेलेला. त्याला विचारल्याबिगर आत कसा शिरू?”



कुणाच्याही घरी गेले की ते आधी रांजणात डोकावत आणि मग यजमानाकडे बघत. “पाणी उघडं, माणूस आडवं,” हे त्यांचे पालुपद. एका लग्नात वरबापाने त्यांना हाताला धरून पंगतीकडे नेले, तर हे वाटेतच पाण्याच्या पिंपावर वाकले आणि सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “अळ्या हायेत!” पुढे ताजे पाणी येईपर्यंत पाने तशीच वाढलेली राहिली. वरबाप अजून त्यांच्याशी बोलत नाही.

पण गावांना त्यांचा उपयोगही फार. पोराचे नाव शाळेत घालायला आलेली आई सांगायची, “ठोंबरे फवारून गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी झाला.” मग गुरुजी तिच्या घरी जात, भिंत वाचत आणि जन्मतारीख लिहीत. तालुक्यातली कितीतरी पोरे अशी ठोंबऱ्यांच्या गेरूवर वाढली.

सत्तर सालाच्या आसपास खात्याने गप्पी मासे आणले. हे इवलेसे मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून विहीर, डबके, झरा, जे पाणी दिसेल त्यात सोडायचे. ठोंबरे खांद्यावर पाण्याचा डबा घेऊन तालुकाभर हिंडले. स्वतःची पोरे शाळेत घालावीत तसे ते मासे सोडून येत आणि फॉर्म माझ्या टेबलावर आणून ठेवत. एका वर्षी त्यात लिहिलेले होते, ‘कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीचा झरा : आटला.’ पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढची दोन वर्षेही तेच. मी सही घेतली आणि फायलीला लावले. आटला तर आटला, मला कुठे तिथे पाणी भरायचे होते!

मग नवे साहेब आले. त्यांना फायली वाचायची खोड होती.

“चार वर्षं झरा आटलेला आहे,” त्यांनी मला विचारले, “मग वाडीतली माणसं पितात काय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे चढायला लागलो. ठोंबऱ्यांच्या खांद्यावर गप्पी माशांचा डबा होता. वाटेत तीन घरांबाहेर रांजण उघडे दिसले, तरी ते एक शब्द बोलले नाहीत.

वाडीत एका म्हातारीने साहेबांना तांब्याभर पाणी दिले. साहेब घटाघटा प्यायले. “गार आहे हो आजी. कुठलं?”

“झऱ्याचं. माज्या सासूच्या वक्तापासनं कवा आटला नाय बग, सायबा.”

साहेबांनी ठोंबऱ्यांकडे पाहिले. मी माझ्या चपलांकडे पाहिले. खोटा अहवाल म्हणजे सरळ नोकरीवर गदा.

“सायेब, खोटं लिवलं मी,” ठोंबरे म्हणाले. “आदी झरा बगा. मग काय ती शिक्षा करा.”

झरा म्हणजे दगडांत साठलेले घंगाळभर पाणी. वाकून पाहिले तर आत बोटाच्या पेराएवढे मासे, प्रत्येकाच्या डोक्यावर चांदीची टिकली लावल्यासारखा ठिपका.

“ह्यांला टिकले म्हनत्यात,” ठोंबरे म्हणाले. “या डोंगराला पाच झरे. पाची झऱ्यांत ह्ये होते. चारांत मी गप्पी सोडले. पुढच्या साली जाऊन बगतो तर गप्पीच गप्पी. टिकला एक नाय. ह्ये पन अळ्या खायाचे, सायेब, पिढ्यान्‌पिढ्या खायाचे. मी चांगलं करायला गेलो आन् मीच मारले. आता हितं हायेत तेवढेच.”

एवढे बोलून त्यांनी गप्पींचा डबा उचलला आणि झऱ्यापासून लांब नेऊन ठेवला. मला फार वाईट वाटले. चार वर्षे त्यांचा फॉर्म हातात घेऊन मी त्यांना एका शब्दाने विचारले नव्हते.

साहेब गुडघ्यांवर बसले. अळ्या तपासायच्या पळीने दहा वेळा पाणी काढून त्यांनी डोळ्यांजवळ धरून पाहिले. एक अळी नव्हती. मग त्यांनी माझ्याकडून फॉर्म घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि लिहिले : ‘झरा वाहता. अळ्या नाहीत. मासे आहेत.’

“कोणते मासे, हे फॉर्मात विचारलेलंच नाही,” ते म्हणाले. “मासे असतील तर पुन्हा सोडायचे नाहीत, हाच नियम. आणि ठोंबरे, खोटं लिहिल्याबद्दल तुम्हाला तोंडी समज देतोय.”

ठोंबऱ्यांनी फॉर्म हातात घेऊन दोनदा वाचला. “म्हंजे चार वरसं उगाच खोटं बोललो की रं मी!” असे म्हणून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, आणि मग हसायलाच लागले. साहेबही हसले. वाट दाखवायला आलेली म्हातारी, आम्हा तिघांना वेड लागले असावे तशी बघत राहिली.

उतरताना साहेब पुढे गेले. मी ठोंबऱ्यांना म्हणालो, “आता त्या डब्याचं ओझं कशाला? द्या ओतून कुठेतरी.”

त्यांनी ऐकले नाही. दर वळणावर थांबायचे, झाकण उघडायचे, आत वारा घालायचा. ऑफिसच्या टाकीतून आणलेले मासे परत टाकीत सोडायचे होते त्यांना.

“ज्यांनी तुमचे टिकले संपवले, त्यांच्यावर एवढी माया?”

“त्यांचा काय दोष, भाऊसाहेब? सोडनारा मी,” ठोंबरे म्हणाले, आणि त्यांनी डबा उन्हाकडच्या खांद्यावरून सावलीकडच्या खांद्यावर घेतला.