मावशींचा तटस्थ चेहरा

"अगं, काय झालंय काय तुला?" घड्याळजींनी तिसऱ्यांदा विचारलं. हातातलं गिऱ्हाइकाचं घड्याळ तसंच उघडं राहिलं होतं, कारण त्यांची बायको आरशासमोर उभी राहून लाकडी ठोकळ्यासारखा चेहरा करत होती.

"काही नाही. सराव करतेय."

"कसला?"

"तटस्थ चेहऱ्याचा. समोरच्या बाईनं काहीही सांगितलं तरी आपल्या तोंडावर काही दिसता कामा नये. प्रशिक्षणात शिकवलंय."

"मला वाटलं, कुणी गेलं."

घड्याळजींची बायको म्हणजे शंभर घरांच्या त्या वसाहतीतली एकुलती एक शिंपीण. तिला सगळे दवंडीमावशी म्हणत, आणि तोंडावरच म्हणत, कारण पाठीमागे म्हटलेलं तिला कळायचंच. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या घरी भांडी आपटली, कुणाचे केस स्वतःचे आणि कुणाचे विकतचे, हे सगळं शिलाई मशीनच्या खडखडाटासोबत तीस वर्षं प्रसारित होत होतं. मावशींच्या तोंडात तीळ भिजत नसे.

आणि याच मावशींना कर्करोगाच्या संशोधनासाठी स्वयंसेविका म्हणून निवडलं होतं. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई चाळिशीपुढच्या बायकांचा अभ्यास करत होत्या. घरोघर जायचं, संमतीची सही घ्यायची, बेचाळीस प्रश्न विचारायचे आणि बाईला तपासणीला पाठवायचं. परक्या माणसापुढे बायका मोकळ्या होत नाहीत, म्हणून वसाहतीतलंच माणूस शिकवून तयार करायचं. महिन्यात साठ घरं झाली तर तपासणीची गाडी वसाहतीत येणार, नाहीतर ती दुसरीकडे जाणार.

"तुम्हाला हे काम का करायचंय?" डॉक्टरीणबाईंनी निवडीच्या वेळी विचारलं होतं.

मावशींना धाकटी बहीण होती. तिचा ब्लाउज मावशींनी एका वर्षात तीनदा आत घेतला होता आणि तिन्ही वेळा "बारीक झालीस, छान दिसतेस" म्हणून तिचं कौतुकही केलं होतं. चौथ्यांदा आत घ्यायची वेळच आली नाही. मावशींनी एवढंच सांगितलं आणि डॉक्टरीणबाईंनी पुढचं काही न विचारता नाव लिहून घेतलं. फक्त एक अट घातली. कुणी काय सांगितलं, ते कुणालाही सांगायचं नाही. "जमेल?"

"न जमायला काय झालं?" मावशी म्हणाल्या.

पहिलं घर हेडबाईंचं. वसाहतीची निम्मी प्रजा यांच्या शाळेत अंगठे धरून उभी राहिलेली. बेचाळीस प्रश्न झाले. मावशी बाहेर आल्या, तर फाटकाशी बेकरीवाली पावांची टोपली घेऊन उभी.

"काय गं मावशी, काय म्हणाल्या हेडबाई?"

मावशींनी चेहरा तटस्थ केला. "मला सांगता येणार नाही."

हे चार शब्द त्या तोंडातून तीस वर्षांत कुणी ऐकले नव्हते. बेकरीवालीच्या हातातली टोपली कलली. मावशीला सांगता येत नाही, म्हणजे गोष्ट सांगण्यापलीकडची आहे, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती, आणि तेवढी बेकरीवालीजवळ होती.

संध्याकाळपर्यंत हेडबाईंच्या टेबलावर संत्र्यांच्या तीन पिशव्या आणि सुपाची दोन पातेली जमली. टपालवाल्याची बायको दारातच गळ्यात पडून रडली. दुसऱ्या दिवशी त्यांची परगावची मुलगी बॅग घेऊन हजर झाली.

"अगं, मी ठणठणीत आहे!" हेडबाई ज्याला त्याला ओरडून सांगत होत्या.

"बिचारीला अजून सांगितलेलं नाही," बाहेर पडताना लोक हळहळत.

तिसऱ्या दिवशी हेडबाईंचाच धीर सुटला. त्या मावशींच्या दारात येऊन थडकल्या. "मला काय झालंय ते खरं खरं सांग!"

"मला काय ठाऊक? मी नुसते प्रश्न विचारले."

"मग तोंड असं का केलंस?"

"हे तटस्थ आहे, बाई."

झालं. मावशी ज्या घरातून बाहेर पडतात त्या घरावर संकट येतं, असं वसाहतीनं ठरवून टाकलं. पटापट दारं लागू लागली. बेकरीवालीनं तर आतून ओरडून सांगितलं, "घरात कुणी नाहीये!" वीस दिवस उलटले तेव्हा मावशींच्या पिशवीत भरलेले अर्ज होते पाच.

"अगं, सांगून टाक की हेडबाईंना काही झालेलं नाही," घड्याळजी म्हणाले. "एका वाक्यात मिटेल."

"अहो, तेही सांगणंच झालं ना! आज एकीला काही नाही म्हणून सांगितलं, की उद्या जिच्याबद्दल मी गप्प बसेन तिला काहीतरी झालंय हे सगळ्या गावाला कळेल."

घड्याळजींनी डोळ्याचं भिंग काढून बायकोकडे नीट पाहिलं. इतकी वर्षं आपण हिला नुसती बडबडी समजत होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

शेवटी शाळेच्या सभागृहात डॉक्टरीणबाईंनी बैठक घेतली. बेकरीवाली उठली. "आमची गुपितं हिच्याकडे द्यायची? हिच्या तोंडात तीळ भिजत नाही!"

"पण तक्रार तर अशी आहे ना, की त्या काहीच सांगत नाहीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तेच तर म्हणते मी!" बेकरीवाली ठसक्यात म्हणाली, आणि आपण नक्की काय म्हटलं याचा विचार करत उभी राहिली.

मावशी उठल्या. पिशवीतून त्यांनी लाल कापडाच्या बांधणीची एक जाडजूड वही काढून टेबलावर ठेवली.

"ही माझी मापांची वही. तीस वर्षांची. इथं बसलेल्या प्रत्येकीचं पान आहे यात. लग्नापासून आपली कंबर इंचभरही वाढली नाही, असं सांगणाऱ्या किती जणी आहेत, मला माहीत आहे." बेकरीवाली खाली बसली. "दर दिवाणखान्यात मी ते ऐकलंय, आणि हो हो म्हटलंय. मी लग्नं सांगितली, भांडणं सांगितली. पण आजवर कुणाचा एक इंच तरी माझ्या तोंडून बाहेर पडलाय? असेल तर सांगा."

बायका मनातल्या मनात तीस वर्षं चाळत होत्या, आणि कुणालाच काही सापडेना.

"खरं आहे," हेडबाई उठून म्हणाल्या. "मी हिचे प्रश्न ऐकलेत, तपासणीही करून आलेय. आणि मी ठणठणीत आहे, हे मीच सांगतेय. आता ती संत्री तेवढी आपापली घेऊन जा."

"मावशी, माझं नाव लिही," बेकरीवाली घाईघाईनं म्हणाली, "आणि आधी ती वही पिशवीत टाक."

पुढच्या दहा दिवसांत साठाची त्र्याहत्तर घरं झाली. गाडी आली. डॉक्टरीणबाईंनी मावशींचं तोंडभरून कौतुक केलं आणि हळूच म्हणाल्या, "मावशी, ती वही म्हणजे सोनं आहे हो. कुणाचं वजन कधी उतरायला लागलं, ते तारखेनिशी दिसेल. मला एकदा बघू द्या ना."

मावशींनी चेहरा तटस्थ केला. "प्रत्येकीची लेखी संमती आणलीत?"

"अहो, मी डॉक्टर आहे!"

"तुम्हीच शिकवलंत."

डॉक्टरीणबाईंनी कान पकडले. मग रीतसर परवानग्या निघाल्या, नवा अर्ज छापला गेला, आणि एक्केचाळीस जणींनी सह्या केल्या. त्यांतल्या एका पानावर माप वर्षभरात दोनदा उतरलं होतं. त्या बाईला लगेच तपासणीला नेलं. दुखणं होतं, पण लहान होतं, वेळेवर सापडलं. ती बाई कोण, ते आम्हालाही ठाऊक नाही. मावशींना विचारून पाहिलं, पण व्यर्थ.

सात-आठ महिन्यांनी एका दुपारी मावशींच्या खोलीत एक बाई आली. पडद्याच्या अलीकडे घड्याळजी काम करत बसले होते.

"मावशी, हा ब्लाउज उसवून जरा सैल करून द्याल? फार घट्ट होतोय हो."

मावशींनी फीत लावली. दोन इंच जास्त. त्यांनी वहीत आकडा लिहिला. बहिणीच्या पानावरचे आकडे तिन्ही वेळा उतरतच गेले होते, या पानावर दोनदा उतरून शेवटचा आकडा वर चढला होता. तेवढं पाहिलं आणि इतके दिवस घोटून घोटून बसवलेला चेहरा पार विसकटला. मावशी हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या.

ती बाई मागच्या दारानं गेली. आवाज ऐकून घड्याळजींनी पडद्याआडून विचारलं, "अगं, काय झालंय काय तुला?"

"मला सांगता येणार नाही," मावशी नाक पुसत म्हणाल्या.

घड्याळजींनी मान डोलावली, भिंग डोळ्याला लावलं, आणि पुन्हा काही विचारलं नाही.