मेहुण्याचा पायगुण

रखडत चालणारा कॉम्प्युटर दुकानात न्यायची काही गरज नाही, असं मी बायकोला ठणकावून सांगितलं, तेव्हा सकाळचा चहासुद्धा व्हायचा होता. "जुनं सगळं पुसतो, लिनक्स नावाची नवी प्रणाली टाकतो. जेवायच्या आत तुझं मशीन पळायला लागेल."

"पळायला नको, नुसतं चालू दे," ती म्हणाली. "चारला माझ्या गणिताच्या नव्या बॅचचा पहिला ऑनलाइन तास आहे. पहिल्याच दिवशी बाई गायब झाल्या, तर मुलं परत यायची नाहीत."

माझ्याकडे पेनड्राइव्ह नव्हता. तिचा धाकटा भाऊ पलीकडच्याच गल्लीत राहतो, तो त्याचा घेऊन आला. त्यावर लिनक्स उतरवून घेतलं आणि तो मशीनला खोचला. मशीन काहीबाही विचारत गेलं आणि मी 'हो, हो' करत गेलो. लग्नापासून ती सवयच आहे. तासाभरात लिनक्स दिमाखात सुरू झालं. मेहुण्याने पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला आणि तो गेला.

बायकोला दाखवावं म्हणून मशीन बंद करून पुन्हा लावलं. काळा पडदा, आणि त्यावर एकच ओळ: सुरू करण्याजोगं काहीही सापडलं नाही.

"हे असंच पळणार का?" बायकोने विचारलं.

मेहुण्याला परत बोलावलं. सगळं नव्याने टाकू म्हणून पेनड्राइव्ह लावला, मशीनचं बटण दाबलं, तर लिनक्स आपोआप सुरू! "थंड पडलं असेल," मी म्हणालो. मेहुणा गेला, खात्री म्हणून मी मशीन बंद करून लावलं, तर ते पुन्हा आडवं. मी वायरी काढून घातल्या, डबा उघडून धूळ झाडली, दोन शिंका दिल्या. शेवटी परत मेहुणा, परत पेनड्राइव्ह, आणि मशीन टुणकन जागं.

"लक्षात येतंय का काही?" बायको म्हणाली. "हा घरात आला की चालतं, गेला की बंद. पायगुण आहे त्याचा."

मी पडलो विज्ञानाचा माणूस. तिला चांगलं झापलं आणि मेहुण्याला हळूच म्हटलं, "चारपर्यंत थांबतोस का रे?"

जिने चढून चढून त्याचे पाय भरून आले होते, तो आनंदाने थांबला. मशीन जरा निवू दे म्हणून आम्ही बंद केलं. त्याने सवयीने पेनड्राइव्ह खिशात घातला आणि आरामखुर्चीत ताणून दिली. बायकोने त्याची अशी बडदास्त ठेवली, की आमच्या लग्नात माझी कुणी ठेवली नव्हती. चार वाजत आले तसं तिने बटण दाबलं.

काळा पडदा.

तिचा चेहरा पार उतरला. तिकडे मुलं जमायला लागली असणार. मला खरंच वाईट वाटलं. "अजून जवळ सरक," मी मेहुण्याला म्हणालो. तो मशीनला खेटून बसला. तरी काही नाही.

बायकोने एकदा भावाकडे पाहिलं, मग त्याच्या खिशाकडे. "काढ तो पेनड्राइव्ह."

लावला, आणि लिनक्स सुरू. चारच्या ठोक्याला बाई शिकवत होत्या.

मागाहून शोधलं तेव्हा उलगडा झाला. मशीन जागं करणारा भाग कुठे ठेवू, असं मला विचारलं होतं, आणि माझ्या 'हो'मुळे तो पेनड्राइव्हवरच जाऊन बसला होता. म्हणजे घर इथे आणि किल्ली मेहुण्याच्या खिशात. "दोन मिनिटांचं काम आहे, आत हलवतो," मी म्हणालो.

"हात लावायचा नाही," म्हणत तिने पेनड्राइव्ह मशीनलाच चिकटपट्टीने चिकटवून टाकला. "माझ्या माहेरच्या आधाराशिवाय या घरात काही सुरू होत नाही, हे मी पहिल्यापासून सांगतेय."

आणि काय सांगू तुम्हाला, या खेपेला तांत्रिकदृष्ट्या तिचं शंभर टक्के बरोबर आहे.