सहा किलो बटाट्यांचं बारसं

"माझ्या पाठीत कणा नाही, तुळई आहे," असं तोरलेफ गेली चाळीस वर्षं सांगत आला होता. आणि सांगायचा कुणाला, तर सिवेर्टला! सिवेर्ट म्हणजे कुंपणापलीकडचा शेजारी, शाळेपासूनचा सोबती, आणि दोन वर्षांपूर्वी तोरलेफच्या मुलीनं, मारितनं सिवेर्टच्या मुलाशी लग्न केल्यापासून व्याहीसुद्धा. या सिवेर्टची पाठ वर्षातून दोनदा धरायची. तो कंबरेवर हात ठेवून वाकत वाकत अंगणात आला, की तोरलेफ कुऱ्हाड टेकवून विचारायचा, "काय रे, आज अंडं घालायचा बेत दिसतो?"

असल्या बोलण्याची देव नोंद ठेवतो की नाही, मला ठाऊक नाही. पण पाठ ठेवते, मंडळी!

मे महिन्यातली गोष्ट. तोरलेफनं सकाळपासून बर्चचे ओंडके फोडले, तेव्हा काही झालं नाही. मग हातमोजा खाली पडला. तो उचलायला तोरलेफ वाकला आणि तसाच राहिला. वर येता येईना, की खाली बसता येईना. आतून गुनवोरनं, म्हणजे बायकोनं पाहिलं, तिला वाटलं नवरा मुंग्या बघतोय. पाच मिनिटांनी वाटलं, बऱ्याच मुंग्या आहेत. पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली आणि कपाट सरकवावं तसा त्याला सरकवत सरकवत पलंगापर्यंत घेऊन गेली.

डॉक्टरांनी तपासलं. मोडलं नाही, सरकलं नाही, दुखणं जाईल, पण झोपून राहायचं नाही, असं सांगितलं. पण तोरलेफच्या जिवाला घोर लागला होता तो वेगळाच. एप्रिलमध्ये मारितला मुलगी झाली होती. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तिचं नामकरण. त्यांच्या गावात पहिल्या नातवंडाला चर्चच्या दारापासून नामकरणाच्या कुंडापर्यंत आईचे वडील उचलून नेतात, आणि सबंध स्तोत्र संपेपर्यंत बाळ हातावर घेऊन उभे राहतात. मारितला तोरलेफच्या सासऱ्यांनी नेलं होतं. आईच्या वडिलांना जमत नसेल, तर मान दुसऱ्या आजोबांचा.

म्हणजे सिवेर्टचा! अंडंवाल्या सिवेर्टचा!

तोरलेफनं गुनवोरकडून वचन घेतलं, की पाठीचं नाव घराबाहेर काढायचं नाही.

पुढच्या आठवड्यात पालिकेच्या आरोग्य केंद्रातून ईडुन आली. ही ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे दुखऱ्या अंगानिशी रोजची कामं कशी करायची ते शिकवणारी. तोरलेफला वाटलं, मालिश करेल, पट्टा देईल. तिनं खुर्चीत बसून पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला काय करायचंय?"

इतकं सरळ तोरलेफला कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यानं नातीचं सांगितलं. ईडुननं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि खाली रेघ मारली. मग त्याला मोजा घालायला लावला, पलंगावरून उठायला लावलं, लाकूड उचलायला लावलं, आणि प्रत्येक वेळी "हं" म्हणाली. शाळेतल्या बाईसुद्धा इतकं वाईट "हं" म्हणत नव्हत्या.

तिचं म्हणणं असं, की तोरलेफ दुखेपर्यंत काम करतो आणि मग तीन दिवस आडवा होतो. यापुढे थांबायचं ते घड्याळ सांगेल तेव्हा, पाठ सांगेल तेव्हा नाही. दहा मिनिटं काम, मग पाच मिनिटं पाठीवर पडून पोटऱ्या पेटीवर. लाकूड पोटाशी धरायचं. वळताना पाऊल वळवायचं, कंबर नाही. थप्पी गुडघ्याच्या खाली नाही आणि छातीच्या वर नाही. आणि बाळ? "बाळ उचलायचा सराव दोन किलोंपासून करायचा," ईडुन म्हणाली, "दर तीन आठवड्यांनी एकेक किलो वाढवायचा. सप्टेंबरपर्यंत सहा होतील."

गजरासाठी गुनवोरनं स्वयंपाकघरातलं घड्याळ दोरीत ओवून त्याच्या गळ्यात घातलं. अंडी उकडताना लावायचं ते. अंड्याच्याच आकाराचं!

आता त्या गावात माणूस कसा आहे हे त्याच्या लाकडाच्या थप्पीवरून ओळखतात. तोरलेफची थप्पी म्हणजे दरवर्षी पागोळ्यांपर्यंत चढलेली, ओळंब्यानं रेघ मारल्यासारखी. लोक रविवारी वाट वाकडी करून बघायला यायचे. यंदा जुलै आला तरी थप्पी छातीएवढी आणि लांबीला निम्मी. शेजारी गवतात तोरलेफ डोळे मिटून उताणा, पाय मासळीच्या पेटीवर, छातीवर हात, हातांत अंडं, आणि ओठांवर हळू आवाजात स्तोत्र. तो चर्चमध्ये गाणं सुरू करून देणारा माणूस. पडल्या पडल्या गाणारच.

सिवेर्टनं हे कुंपणावरून पाहिलं आणि मनात हिशेब केला. ही लाकडं जानेवारीपर्यंत पुरतील. जानेवारीपर्यंतचीच लाकडं माणूस कधी रचतो? पुढची थंडी आपल्याला लागणार नाही हे ठाऊक असतं तेव्हा.

दोन दिवसांनी पालिकेची गाडी आली. त्यातून न्हाणीघरातलं स्टूल उतरलं, पलंगाचे पाय उंच करायचे ठोकळे उतरले, लांब दांड्याचा चिमटा उतरला. सिवेर्टनं टोपी काढली.

तुम्ही म्हणाल, विचारलं का नाही? अहो, त्या गावात एखाद्याच्या आजारपणाबद्दल तोंडावर विचारणं म्हणजे न सांगता त्याच्या माजघरात शिरण्यासारखं. तिथं विचारत नाहीत, मासे आणून देतात. सिवेर्टनं साफ केलेले मासे आणले, जाताना थप्पीकडे पाहिलं आणि म्हणाला, "छान रचलीस."

चाळीस वर्षांत प्रथमच! तोरलेफला लगेच संशय आला. याला पाठीचा वास लागलाय. गोड बोलून काढून घेणार आणि नात उचलणार! तो पेटीवरचे पाय न हलवता म्हणाला, "ऊन खातोय. मजा येते."

"खा, खा," सिवेर्ट म्हणाला, आणि त्याचा आवाज असा ओला झाला, की तोरलेफचा संशय दुप्पट झाला.

ऑगस्ट अखेरीस तोरलेफ सहा किलोंवर आला. एका दुपारी चर्च रिकामं असेल असं पाहून त्यानं सहा किलो बटाटे पिशवीत भरले, पिशवीला मारितच्या वेळचा नामकरणाचा लांब झगा चढवला, आणि दारापासून कुंडापर्यंत स्तोत्र गात निघाला. पाऊल वळवायचं, कंबर नाही. बटाटे पोटाशी. दुसऱ्या कडव्याला त्याला असा रंग चढला, की त्यानं बाळाला थोडं झुलवलं. पिशवीची शिवण उसवली. एकेक बटाटा झग्याखालून निसटून दगडी फरशीवरून घरंगळत गेला तो थेट पाद्रीबाईंच्या बुटांपाशी. त्या मागच्या खोलीत मेणबत्त्या मोजता मोजता गाणं ऐकून बाहेर आल्या होत्या.

पाद्रीबाईंनी बटाटा उचलला. झग्याकडे पाहिलं. काहीच विचारलं नाही, तेव्हा तोरलेफलाच बोलावं लागलं. "एवढं एकदा पार पडू दे, पाद्रीबाई," तो म्हणाला. "एकदा नातीला कुंडापर्यंत नेलं, की मी मोकळा." त्याच्या मनात ईडुनची वही होती. पाद्रीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या गुडघ्यांवर बसून त्याच्याबरोबर बटाटे गोळा करू लागल्या, आणि संध्याकाळी सिवेर्टकडे गेल्या.

नामकरणाच्या आदल्या शनिवारी तोरलेफ आणि गुनवोर ईडुनच्या शेवटच्या भेटीसाठी आरोग्य केंद्रात गेले. वहीतली रेघ मारलेली ओळ वाचून ईडुन म्हणाली, "उद्या जमेल." परत आले तर घर दिसेना! म्हणजे घर होतं, पण पुढची भिंत सबंध लाकडांमागे गेली होती. थप्पी पागोळ्यांपर्यंत, कोपऱ्यावरून वळून मागच्या दारापर्यंत. स्वयंपाकघराची खिडकीही बुजलेली. सगळं गाव सकाळपासून राबून आत्ताच पांगलं होतं. फक्त सिवेर्ट ओंडक्यावर बसला होता, हात कंबरेवर, मान खाली.

"हे काय?" तोरलेफनं विचारलं.

"लाकडं."

"ते दिसतंय. कशाला?"

सिवेर्टनं बुटांवरचा भुसा झटकला. "एप्रिलपर्यंतची आहेत. तू जानेवारीपर्यंतचीच रचलीस. पण डॉक्टरांचं काय, चुकतातसुद्धा. आणि नाहीच चुकले, तर गुनवोरनं थंडीत बसायचं नाही. मी आहे शेजारी, एवढंच सांगायचं होतं."

तोरलेफला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो खाली बसला, सरळ पाठीनं, ईडुननं शिकवल्यासारखा. "सिवेर्ट, मी मरत नाहीये."

"नाही?"

"माझी पाठ धरलीय."

सिवेर्टनं खाली घातलेली मान वर केली.

"पाठ?" तो म्हणाला.

"पाठ. हातमोजा उचलताना."

सिवेर्टच्या गालांवरून पाणी वाहू लागलं, आणि ते पुसता पुसता तो हसू लागला, आणि हसता हसता कळवळला, कारण वरची रांग लावताना त्याचीही धरली होती! गुनवोरनं चार महिन्यांचं मौन तिथेच सोडलं आणि दोघांना एका दमात सांगितलं, की दोन म्हाताऱ्यांपेक्षा बटाटे शहाणे. मग ती आत जाऊन रडली, आणि कॉफी ठेवली.

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मे लोक निरोप द्यायला आले होते. बातमी अजून खालच्या आळीपर्यंत पोहोचली नव्हती. तोरलेफ नातीला पोटाशी धरून चालला, पाऊल वळवत, कंबर नाही. नात बटाट्यांपेक्षा हलकी वाटली. कुंडापाशी त्यानं स्तोत्र उचललं, आणि असं उचललं, की खालच्या आळीनं एकमेकांकडे पाहिलं: मरणाऱ्याचा आवाज इतका कुठून येतो? पाणी पडलं, नाव ठेवलं, देवानं सगळं नीट केलं. पाचव्या कडव्याला तोरलेफच्या खिशात अंडं वाजलं.

पाठ मुळीच दुखत नव्हती. अजून दोन कडवी सहज निघाली असती. पण थांबायचं घड्याळानं. तो पहिल्या बाकाकडे गेला. तिथे सिवेर्ट कंबरेमागे कोट गुंडाळून ताठ बसला होता. तोरलेफनं नात त्याच्या मांडीवर ठेवली.

"पोटाशी धर," तो पुटपुटला, आणि उरलेली दोन कडवी मोकळ्या हातांनी गायला.

सोमवारी पालिकेची गाडी सिवेर्टच्या दारात उभी होती. तिथून ती आणखी सात घरी गेली. दुपारी तोरलेफ सिवेर्टची लाकडं रचायला गेला, दहा मिनिटं रचली, आणि मग दोघे व्याही गवतात शेजारी शेजारी उताणे पडले, पाय मासळीच्या दोन पेट्यांवर, मधोमध अंडं. रस्त्यानं पाद्रीबाई सायकल हातात धरून चालत येत होत्या. त्या फाटकापाशी थांबल्या, हेल्मेट काढलं आणि बराच वेळ दोघांकडे गंभीरपणे पाहत राहिल्या.

"पाद्रीबाई, आम्ही जिवंत आहोत," तोरलेफ डोळे मिटूनच म्हणाला.

"ते कळलं," पाद्रीबाई कंबर धरून म्हणाल्या. "तिसरी पेटी आहे का?"