टोमॅटिलोला टाके

"टोमॅटिलो? हात्तिच्या! ज्यानं आयुष्यभर माणसांच्या सुटलेल्या पोटांना आवर घातला, त्याला दोन झाडं आवरणार नाहीत?"

असं टेपकाका बोलले आणि तिथंच घोळ सुरू झाला! अहंकार हा असा पाहुणा आहे मंडळी, की त्याला आमंत्रण लागत नाही. आपण 'मी' म्हणायचा अवकाश, तो चपला काढून थेट आत येऊन बसतो.

टेपकाका म्हणजे गल्लीतले शिंपी. गळ्यात मोजमापाची टेप इतकी कायमची, की आंघोळीला जाताना ती काढायची आठवण काकूंना करावी लागे. माणूस भला, हात कसबी, देवावर श्रद्धा अपार. उणीव एकाच गोष्टीची, धीर नाही! डोळ्याचं ऑपरेशन झालं, नवा चष्मा यायचा होता, तोवर गप्प बसावं ना? छे! जुन्याच चष्म्यावर दाताच्या डॉक्टरांचा कोट शिवून दिला. डॉक्टरांनी बाहीत हात घातला, तो खिशातून बाहेर आला! खुर्चीत आ वासून बसलेला पेशंट ते दृश्य पाहून तसाच आ वासून पळाला म्हणे.

"पुरे झालं!" काकूंनी फर्मान काढलं. "आता सुईला हात लावायचा नाही." आणि त्यांनी शिवणाच्या मशीनवर चादर पांघरली. काका येता-जाता ती चादर सारखी करत. आपलंच कुणीतरी आजारी पडून निजलंय, असं वाटायचं त्यांना.

त्यातून काकूंचे धाकटे भाऊ टपलेलेच होते. या मेव्हण्यांना जुन्या वस्तूंच्या नव्या वस्तू करायचा नाद. घरातल्या रेडिओत मासे सोडलेले, सायकलच्या चाकाला दिवे लावलेले.

"ताई, ते मशीन मला देऊन टाक," ते म्हणाले. "वरचं डोकं काढतो, खालच्या लोखंडी पायांवर काच बसवतो. काय फर्मास टीपॉय होईल!"

"डोकं काढणार?" काकांचा हात आपसूक स्वतःच्या मानेकडे गेला.

"मग काय भावोजी! या बसायला. त्यावरच चहा घेऊ."

काकांनी मशीनकडे पाहिलं. ज्या मशीननं दोन पोरं शिकवली, घरावर छप्पर घातलं, त्याच्या छाताडावर हा बशी आपटणार!

शेवटी सूनबाई मध्ये पडली. "आई, बाबांना हाताला काम हवं हो. बागेत काहीतरी लावू द्या त्यांना."

काकूंनी विचार केला. "ठीक आहे. थंडी पडायच्या आत एक टोपली भरून पीक काढून दाखवा. धीर धरता येतो हे मला दिसू दे. टोपली भरली तर मशीन परत खिडकीशी. नाही भरली, तर धाकट्याचा टेम्पो दाराशी!"

तिघंही रोपवाटिकेत गेली. सूनबाईनं कोपऱ्यातली रोपं दाखवली. "बाबा, हे टोमॅटिलो. टोमॅटोचा लांबचा चुलत भाऊ. हिरवं गोल फळ, आणि भोवती कागदासारखं पातळ आवरण. कपडे घालूनच जन्माला येतं म्हणा ना!"

"कपडे घालून?" काकांचे डोळे लकाकले. "मग हे आपल्याच धंद्यातलं! द्या एक रोप."

"एक नको, दोन न्या," रोपवाटिकेच्या बाई म्हणाल्या. "एकट्याला नुसती फुलं येतात, फळ धरत नाही. याला जोडी लागते."

"ऐकलंत?" काकूंनी संधी साधली. "झाडाला कळतं ते!"

"आणि हो, ते वरचं आवरण जेव्हा..." बाई पुढं सांगत होत्या, पण काकांचं लक्ष बाईंच्या एप्रनवर होतं. "कुणी शिवलाय हो हा? खांद्यात ओढतोय बघा!" त्या एप्रनच्या चर्चेत उरलेला सल्ला रोपवाटिकेतच राहिला.

झाडं मात्र गुणी निघाली. हातपाय पसरत कुंपणाला टेकली. पिवळी फुलं आली, मधमाश्या आल्या, आणि एके दिवशी पानाआड इवले हिरवे कंदील लोंबू लागले. काकांनी एक हळूच दाबून पाहिला. आत जवळजवळ रिकामा! वाटाण्याएवढी गोळी, आणि कपडा लिंबाएवढा.

दुसरा कुणी असता तर निराश झाला असता. काकांनी हात जोडले. "अगं, इकडे ये! देव कसा शिवतो बघ! आधी कपडा, मग अंग! पुढं वाढेल म्हणून केवढं सैल ठेवलंय!"

"त्याच्या खिशातून हात बाहेर येत नाही," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

फळं भरू लागली. काका रोज त्यांच्याशी बोलत, टेप लावून घेर घेत. सगळं कसं मापात चाललं होतं! आणि एका सकाळी काका टेप हातात धरूनच थबकले. एका कंदिलाची खालची शिवण उसवलेली! फटीतून हिरवं गुळगुळीत पोट डोकावत होतं, पाहुण्यांसमोर शर्टाचं बटण तुटावं तसं. शेजारचाही उसवलेला. पलीकडचाही!

काका एकेक फळ निरखू लागले. फळ तर अजून हिरवंगार. टोमॅटोचा भाऊ म्हटल्यावर लाल व्हायला नको का? त्याआधीच कपडे फाटले, तर आत मुंग्या शिरणार, कीड पडणार, टोपली रिकामी राहणार आणि मशीनचं डोकं उडणार! 'माझंच चुकलं,' त्यांना वाटलं. 'खत जास्त घातलं. पोरं सुटली!'

आता सांगा, शिंप्याला उसवलेलं दिसलं तर तो काय करणार? माळ्याला बोलावणार?

काकांच्या कॉलरच्या आतल्या बाजूला एक सुई नेहमी टोचलेली असे. काकूंच्या जप्तीतून तेवढी सुटली होती. दुपारी काकू आडव्या झाल्या की काका नवा चष्मा चढवून झाडाखाली बसू लागले. हिरवा रेशमी दोरा, आणि आवरण इतकं नाजूक की श्वासानंही थरथरावं! पण हात काय चालला म्हणता! टाका दिसेल तर शपथ. जिथं फार फाटलं होतं तिथं अस्तराच्या कापडाचं ठिगळ. आणि ज्या फळांचे देठ सैल होऊन ती गळायला आली होती, त्यांना तर काकांनी बटणासारखं फांदीलाच टाचून टाकलं!

पण कर्म लपत नाही. टोमॅटिलोच्या आवरणाखाली फळावर चिकट थर असतो. काकांची बोटं चिकट झाली. मग दाराची कडी चिकट. नळाची चावी चिकट. पेपरचं पान उलटायला जावं तर चार पानं एकदम उलटत.

"हे चोरून मध खातात!" काकूंनी निदान केलं आणि मधाची बाटली कपाटात घालून कुलूप लावलं.

"मध नाही, आई," सूनबाई कुजबुजली. "मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलंय. बाबा कुणाला तरी म्हणत होते, 'हलू नकोस, टोचेल! श्वास आत घे! पोटावर जरा घट्ट होतंय का?'"

"गिऱ्हाईक!" काकूंनी कपाळावर हात मारला. "माझ्या पाठीमागे बागेत गिऱ्हाइकं घेतायत!"

दुसऱ्या दुपारी सासूसुनांनी दबा धरला. बागेतून आवाज आला, "शाब्बास! आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या!" दोघी धावत बाहेर आल्या. काका एकटेच उभे. हात पाठीमागे, चेहऱ्यावर निष्पाप हसू.

"कुठं गेलं गिऱ्हाईक?"

"कसलं गिऱ्हाईक? मी झाडाशी बोलत होतो."

काकूंचा आवाज खाली आला. "सूनबाई, हे गिऱ्हाईक घेण्यापेक्षा वाईट आहे गं."

सूनबाईनं रोपवाटिकेच्या बाईंना फोन केला, "झाडांना काय झालंय ते येऊन बघा. बाबांना काय झालंय ते आम्ही बघतो." आणि काकूंनी भावाला फोन केला. "ये बाबा टेम्पो घेऊन. थंडीही पडायला लागली, टोपलीत एक दाणा नाही, आणि मशीनच्या काळजीनं यांचं डोकं फिरायला लागलं. एकदाचं ते जाऊ दे डोळ्यांसमोरून."

मेव्हणे नवीकोरी काच घेऊनच आले. दारातून आत येताच मशीनच्या पायांची लांबी-रुंदी घेऊ लागले. काकांचा चेहरा उतरला.

"पंधरा दिवस द्या," त्यांनी हात जोडले. "फळं धरलीत हो! फक्त लाल व्हायची थांबलीत."

"कुठं आहेत, बघू तरी!" मेव्हणे तरातरा बागेत गेले. मागोमाग सगळे. रोपवाटिकेच्या बाईही नेमक्या तेव्हाच आल्या. त्यांनी एक कंदील हातात घेतला. उलटा केला. चष्मा वर करून पाहिला, खाली करून पाहिला.

"हे टाके आहेत?"

काका टेपशी चाळा करू लागले.

"आणि हे ठिगळ?"

"उसवत होते हो," काका पुटपुटले. "पिकायच्या आधीच फाटायला लागले."

बाई जी हसत सुटल्या, त्यांना कुंपण धरावं लागलं! "अहो, हा लाल होतच नाही! हिरवाच पिकतो! आत अंग भरलं की वरचं आवरण फाटतं, तीच पिकल्याची खूण! मी सांगत होते त्या दिवशी, तर तुम्ही माझा खांदा मापत होता! पिकलं की ते आपोआप खाली पडतं. तुमचे का नाही पडले?"

"टाचलेत," काका म्हणाले. यापेक्षा लहान आवाजात माणसाला बोलता येत नाही.

"म्हणजे पीक तयार आहे?" सूनबाई आनंदानं ओरडली. "टोपली आणते!"

"थांबा, थांबा!" मेव्हणे गडबडले. हातातोंडाशी आलेला टीपॉय निसटत होता. "असली शिवलेली फळं कुठली धरायची! हातात तरी येतंय का बघू!" त्यांनी वाकून एक टपोरा कंदील धरला आणि हिसका मारला. तो हलेना. काकांचा टाका होता तो! मेव्हण्यांनी पाय फाकवले, दम भरला, कमरेतून आणखी वाकले आणि सगळं बळ लावून ओढलं.

टर्रर्र!

फळ जागच्या जागी होतं. आवाज दुसरीकडून आला होता.

मेव्हणे तसेच वाकलेले राहिले. दोन्ही हात मागे गेले. रोपवाटिकेच्या बाईंनी मान तिरकी करून एकवार पाहिलं आणि म्हणाल्या, "हेही पिकलं वाटतं!"

काकू, ज्या त्यांच्या सख्ख्या बहीण, त्या पदरात तोंड घालून पायरीवर बसल्या! मेव्हणे पाठ भिंतीकडे करून खेकड्यासारखे घरात शिरले आणि हाताला लागली ती पहिली चादर ओढून कमरेला गुंडाळली. ती चादर नेमकी मशीनवरची! दारातून आलेल्या उन्हात मशीनचं काळं अंग चकाकलं.

"भावोजी," आतून दीनवाणा आवाज आला, "घरी परत जायचंय हो मला! एवढी टीप मारून द्या ना!"

"मला बंदी आहे," काका बाहेरून म्हणाले. आयुष्यात इतकं गोड वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं.

सगळ्यांच्या नजरा काकूंकडे. काकूंनी डोळे पुसले, उठून झाडाजवळ गेल्या आणि एक कंदील तळहातावर घेतला. कांद्याच्या सालीसारखं ते आवरण; त्यावर मुंगीच्या पावलांएवढे टाके. एकसारखे. कुठं ओढ नाही, कुठं भोक नाही.

"हे तुम्ही शिवलंत? या डोळ्यांनी?"

"नाही तर काय कोपरांनी?"

"रोज? एकेक करून? न कंटाळता?"

"फळं होती गं. घाई केली असती तर फाटली असती."

काकूंनी तो कंदील हळूच सोडला. आत जाऊन कात्री घेऊन आल्या. मग सासू, सून आणि रोपवाटिकेच्या बाई एकेक टाका कापत बसल्या. मशीन चादरवाल्या मेव्हण्यांनी स्वतःच्या हातांनी ढकलत खिडकीशी नेलं. आत खडखडखडखड आवाज सुरू झाला. तो ऐकून काकूंनी डोळे मिटले आणि देवाचं नाव घेतलं. टोपली काठोकाठ भरली, वर बाईंच्या एप्रनभर फळं उरली. त्यातला एक बाईंनी सोलून दिला. आंबट, किंचित गोड. बरेचसे पिवळसर झाले होते, इतके दिवस टांगून ठेवल्यामुळं!

मेव्हणे शिवलेली पँट घालून, काच घेऊन परत गेले. काका छाती काढून मशीनशी बसले. "बघितलंस? मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंत हो," काकू म्हणाल्या आणि आतल्या खोलीतून एक गाठोडं आणून त्यांच्यासमोर सोडलं. उशांचे अभ्रे, फाटके पडदे, सूनबाईचे सैल करायचे झगे. मग दुसरं गाठोडं. मग शेजारणीनं भिंतीवरून दिलेलं तिसरं. ढीग वाढत वाढत काकांच्या नाकापर्यंत आला. "हंगामभर साठवून ठेवलं होतं सगळं. आता बसा, शिवा!"

काका शिवू लागले. सकाळ झाली, दुपार झाली, ढीग जैसे थे. चौथ्या अभ्र्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, खिडकीतून रिकाम्या वाफ्याकडे पाहिलं आणि काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं सूनबाईला विचारलं,

"ती रोपवाटिका... थंडीत उघडी असते का गं?"